घासाचा उजेड

माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधात, शेवटच्या प्रकरणात, एक रंगीत फोटो आहे. काळ्या अंधारात उताणा धरलेला पांढरा उंदीर आणि त्याच्या पोटात निखाऱ्यासारखा लाल उजेड. खाली मी ओळ लिहिली आहे की शिरेतून दिलेले प्रकाशमान सूक्ष्मकण यकृतात जमा झालेले दिसतात. ती ओळ खोटी आहे. उजेड खरा आहे, पण तो माझ्या कणांचा नाही. फोटो प्रबंधात चिकटवण्याआधी मला ते माहीत होतं, आणि ते बाहेर येऊ नये म्हणून मी एका बाईला नोकरीत कायम होऊ दिलं नाही. आता पंच्याहत्तरी उलटली आहे. जे झालं ते झालं तसं लिहून ठेवतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नगरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो. राहायला सावेडीत होतो, गाव पारनेर तालुक्यात. गावी थोरला भाऊ गाई सांभाळायचा आणि त्यांच्यासाठी घास करायचा. घास म्हणजे लसूणघास, तीन पानांचा, कापावा तितका फुटणारा. आमच्याकडे नुसतं घासच म्हणतात.

माझं वय सत्तेचाळीस. पीएच.डी.ची नोंदणी पुण्याला केली होती आणि दोनदा मुदत वाढवून घेतली होती. माझ्याकडून शिकून गेलेली दोन पोरं माझ्याच विभागात डॉक्टर होऊन बसली होती. स्टाफरूममध्ये त्यातला एक मला म्हणायचा, "सर, तुमचे कण झाले का मोठे?" सगळे हसायचे. मीही हसायचो.

कण मात्र खरंच सुंदर होते. कॅडमियमच्या क्षाराच्या पाण्यात थेंब थेंब सल्फाइड सोडायचं, ढवळत राहायचं आणि कण फार वाढण्याआधी त्यांच्यावर एका आम्लाचा पातळ थर चढवून त्यांना थांबवायचं. डोळ्यांना नुसतं पिवळं पाणी दिसतं. निळ्या उजेडात धरलं की ते पेटतं. पदार्थ तोच, पण कण अगदी बारीक असताना रंग वेगळा, जरा वाढले की नारिंगी आणि आणखी वाढले की लाल. मी तेव्हा वीसएक वर्षं शिकवत होतो, पण पहिल्यांदा ती बाटली पेटलेली पाहिली तेव्हा घरी जाऊन बायकोला सांगितल्यावाचून राहवलं नाही. ती म्हणाली, "बरं झालं. आता त्याचं काय करायचं?"

तो प्रश्न बरोबर होता. परदेशात असे कण पेशींना चिकटवून त्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघायला नुकती सुरुवात झाली होती. पुण्याहून मासिकांच्या झेरॉक्स यायच्या, त्यात मी ते वाचत होतो. मला वाटलं, आपण थेट जिवंत प्राण्यात बघू. न कापता, बाहेरून. उंदराच्या पोटात कण कुठे जाऊन बसले ते दिसलं तर उद्या माणसाच्या अंगातली गाठही अशी दिसेल. हा विचार चूक होता असं मला आजही वाटत नाही. जे चुकलं ते त्यानंतर.

आमच्या कॉलेजात सायकल स्टँडच्या जुन्या पत्र्याच्या शेडमध्ये प्राणिशास्त्राचे उंदीर असत. प्राणिशास्त्राच्या सरांनी मला बारा उंदीर दिले. ते सुई टोचून द्यायचे आणि बाकी कशात पडायचे नाहीत. उंदरांचं सगळं बघायची ती मावशी.

कॉलेजात शिपाई बायकांना सगळेच मावशी म्हणतात. मीही म्हणायचो, वयानं तिच्याहून दहाएक वर्षांनी मोठा असून. ती घोडेगावहून सकाळच्या एस.टी.नं यायची. सातवी शिकलेली, बौद्ध घरातली, नवरा वारलेला, घरी सासू आणि दोन मुलगे. नऊ वर्षं हंगामी होती. दर वर्षी सुट्टी लागली की तिला कमी करायचे आणि जूनमध्ये पुन्हा घ्यायचे. त्या वर्षी दोन जागा कायम होणार होत्या आणि यादीत तिचं नाव दुसरं होतं. ज्याच्या हाताखाली काम केलं त्याचा लेखी शेरा लागणार होता. चार महिने ती माझ्या उंदरांवर होती, म्हणून तो शेरा माझा.

उंदरांचे मी दोन भाग केले होते. सहांना सुई, सहांना नाही. सुईवाल्यांच्या पिंजऱ्याच्या चिठ्ठीवर लाल टिकली. पहिल्या आठवड्यात सुईवाले दोन उंदीर मेले. उरलेल्यांचे केस उभे राहिले, ते कोपऱ्यात बसून राहू लागले.

मी मावशीला म्हणालो, "लाल टिकलीवाल्यांना हिरवं घालत जा. आमच्याकडे गाईला सुई टोचली की तीन दिवस घासच घालतात."

"आमच्याकडं बी," ती म्हणाली. "शेळीला तर पाला बी चालतो. पन घास चांगला. अंग धरतं."

दोघांनाही ते इतकं साधं वाटलं की पुढे कोणी बोललंच नाही. भावाच्या शेतातला घास दुधाच्या टेम्पोत येऊ लागला. मी सकाळी नाक्यावर जाऊन पेंढी उतरवून घ्यायचो आणि स्कूटरच्या पायाशी आडवी घालून कॉलेजात आणायचो. शेजारचे गृहस्थ विचारायचे, "सर, फ्लॅटमध्ये म्हैस बांधली काय?"

माझ्या वहीत सुईचं प्रमाण, वेळ, उंदराचं वजन, सगळं काटेकोर लिहिलेलं आहे. घास कुठेच लिहिलेला नाही. घास हे काही रसायन नव्हे, असं मला वाटलं असावं. खरं तर दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना मीच पालकाची पानं कुटून त्यांचा हिरवा अर्क दिव्यासमोर धरून दाखवायचो. हिरवा अर्क निळ्या उजेडात लाल दिसतो. मुलं चकित व्हायची. पानातलं हिरवं द्रव्य निळा उजेड पितं आणि लाल परत देतं, हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल. कॉलेजात ते माझ्याइतकं दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं.

सुई दिलेल्या उंदरांना घास आणि न दिलेल्यांना कोरडं धान्य. म्हणजे जे चमकणार ते नेमके सुईवालेच. मायेपोटी आम्ही प्रयोगाला असा सापळा लावून ठेवला आणि त्यात मीच शिरलो.

पहिल्यांदा उजेड दिसला तो दुपारी, पदार्थविज्ञानाच्या अंधाऱ्या खोलीत. स्लाइड प्रोजेक्टरच्या पुढे मोरचूद आणि अमोनियाच्या गडद निळ्या पाण्याची चपटी बाटली ठेवली होती, म्हणजे नुसता निळा उजेड उंदरावर पडेल. कॅमेऱ्यापुढे फोटो स्टुडिओतून आणलेली लाल काच, म्हणजे निळं अडेल आणि फक्त लाल दिसेल. मावशीनं उंदीर मानेला आणि शेपटीला धरून उताणा केला. पोटावरचे केस आदल्या दिवशीच काढले होते. मी काचेतून पाहिलं आणि डोळा तिथेच लावून ठेवला.

"दिसलं का, सर?" तिनं विचारलं.

"तुम्ही बघा."

तिनं उंदीर माझ्या हातात दिला आणि काचेला डोळा लावला. "इंगळावानी हाय," ती म्हणाली. "पन लई पसरलंय की. काळीज येवढं असतंय व्हय उंदराचं?"

ती यकृताला काळीज म्हणत होती. मी हसून म्हणालो, "असतं." मला उंदराचं यकृत केवढं असतं ते नीट माहीत नव्हतं. मी कापून बघायला हवं होतं. पण न कापता दिसतं हाच माझा सगळा दावा होता.

फोटो पुण्याला गेले. माझ्या मार्गदर्शकांचं पत्र आलं की ते गुरुवारी येतील आणि सोबत जीवशास्त्राच्या एक ज्येष्ठ बाई असतील. मुदतवाढ द्यायची की नोंदणी रद्द करायची ते त्या भेटीवर ठरणार होतं.

त्याच आठवड्यात सोमवारी मी शेडमध्ये गेलो तर मावशी पिंजरे धूत होती. हात पुसत उभी राहिली.

"सर, एक सांगू का? रागावू नका."

"बोला."

"ती नऊ नंबरची पोटुशी हाय. तिला सुई न्हाई. मी आपलं पोटुशी म्हनून तिला बी घास घालत हुते, चार दिस झालं. शनवारी तुमी गेल्यावर त्या अंधाऱ्या खोलीत काच पुसत हुते, तवा दिवा चालूच हुता. तिला आनून धरून बघितलं."

"मग?"

"ती बी तशीच दिसती. लाल."

ती हळू आवाजात म्हणाली, "सर, त्यो उजेड सुईचा न्हाई. घासाचा हाय."

त्या क्षणी मला पालकाचा अर्क आठवला, हे मी शपथेवर सांगतो. आठवला आणि मी तो बाजूला सारला.

"तुम्ही धुताना पिंजरे बदलले असतील," मी म्हणालो.

"मला अंक येत्यात, सर."

"तसं नाही म्हणत मी."

"मंग असं करू," ती म्हणाली. "दोन दिस समद्यांना कोरडं घालू. परवा बघा. उजेड ऱ्हायला तर सुईचा, गेला तर घासाचा. त्यात काय येवढं?"

प्रयोग कसा मांडावा हे मला तिनं दोन वाक्यांत सांगितलं होतं. मी एम.एस्सी.च्या मुलांना तेच सांगायला तास घेत असे. दोन दिवसच लागले असते. पण त्या दोन दिवसांनी उजेड गेला असता तर गुरुवारी पाहुण्यांना दाखवायला माझ्याकडे काही उरलं नसतं.

"हे कोणापुढे बोलू नका," मी म्हणालो. "नेहमीसारखं करा. टिकलीवाल्यांना घास, बाकीच्यांना कोरडं."

"न्हाई बोलत." तिनं बादली उचलली. मग थांबून म्हणाली, "माझा कागद शुक्रवारी प्रिन्सिपल सायबांकडं जानार हाय."

"माझा शेरा चांगलाच असणार, मावशी. त्याची काळजी करू नका."

तिनं मान हलवली. आमच्यात सौदा झाला असं दोघांपैकी कोणीच म्हटलं नाही.

बुधवारी संध्याकाळी ती एस.टी.साठी निघून गेल्यावर मी शेडची किल्ली घेतली. नऊ नंबरची चिठ्ठी कोरी होती, टिकली नव्हती. मी तो पिंजरा छातीशी धरून अंधाऱ्या खोलीत नेला. प्रोजेक्टर लावला. एकट्याला उंदीर धरणं जमेना, ती दोनदा हातातून निसटली, एकदा बोटाला चावली. शेवटी उताणी धरली आणि काचेतून पाहिलं.

लाल. माझ्या फोटोतल्याइतकंच. आणि ते यकृताच्या जागी नव्हतंच. नीट पाहिल्यावर दिसलं की ते वळत वळत गेलं होतं, आतड्यासारखं. मी याआधी असं नीट पाहिलंच नव्हतं.

बाहेर मैदानावर एन.सी.सी.ची मुलं परेड करत होती, तो आवाज येत होता. मी प्रोजेक्टरचा पंखा घरघरत असताना स्टुलावर बसून राहिलो. मार्गदर्शकांना फोन करता आला असता, टेलिफोन बूथ कॉलेजच्या फाटकासमोरच होता. चूक सापडली, महिनाभर द्या, असं सांगितलं असतं तर कदाचित दिलाही असता. ते मी केलं नाही. मी नको म्हटलं होतं तरी पोटुशी म्हणून मावशीनं नऊ नंबरच्या पिंजऱ्यात घातलेला घास मी काडी न् काडी काढला, तिच्यापुढे मूठभर चणे टाकले आणि पिंजरा जागेवर नेऊन ठेवला. उद्यापर्यंत तिचं पोट रिकामं होईल, असा हिशेब. उरलेली पेंढी पोत्यात घालून मी स्कूटरवरून नेली आणि वाटेत एका मोकाट गाईपुढे टाकली. टिकलीवाल्यांना गुरुवारपुरता घास आधीच घातलेला होता, सकाळपर्यंत ते तो संपवणार होते.

गुरुवारी अकराला पाहुणे आले. माझे मार्गदर्शक थोडं बोलणारे होते. त्यांच्याबरोबरच्या बाई साठीच्या, सुती साडी, पायात चपलेऐवजी बूट. त्यांनी आल्या आल्या शेड बघायला मागितलं. मी त्यांना घेऊन गेलो तेव्हा मावशी दाराशी उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं ते जरा जास्त वेळ. मी समजलो की ती घाबरली आहे.

"खायला काय देता?" बाईंनी विचारलं.

"धान्य. भिजवलेले चणे," मी म्हणालो.

फरशीवर घासाची एक काडी पडली होती, तीन पानं असलेली. मी एक पाऊल पुढे सरकून तिच्यावर बूट ठेवला आणि बाई पुढे जाईपर्यंत तिथेच उभा राहिलो.

अंधाऱ्या खोलीत मी टिकलीवाला एक उंदीर दाखवला. मावशीनं धरला. मार्गदर्शक काचेतून बघून म्हणाले, "छान." बाईंनी बघितलं, काच पुसली आणि पुन्हा बघितलं. मग न टोचलेला सहा नंबर दाखवला. अंधार. माझा जीव भांड्यात पडला.

"आणखी एक बघू," बाई म्हणाल्या. "ती जाडी होती ना कोपऱ्यातली, गाभण असावी. तिला आणा."

"तिला त्रास होईल," मी म्हणालो.

"मिनिटभरच."

मावशी नऊ नंबर घेऊन आली. आणताना तिनं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं उंदीर उताणा केला. बाईंनी काचेला डोळा लावला आणि खोलीत फक्त पंख्याची घरघर राहिली. नऊ नंबरचं पोट रात्रीतून रिकामं झालं नव्हतं.

"हिला सुई नाही?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग ही का दिसते?"

मावशी उंदीर हातात धरून उभी होती. आता तिनं माझ्याकडे पाहिलं. निळ्या उजेडात तिचा चेहरा मला स्पष्ट दिसत होता. बोलू नका असं मीच सांगितलं होतं, त्यामुळे ती मी बोलायची वाट बघत होती. मी खरं बोलेन असं तिला वाटत असावं.

"पिंजरे धुताना अदलाबदल झालेली दिसते," मी म्हणालो. "या हंगामी आहेत. मी दोनदा बजावलं होतं."

बाई तिच्याकडे वळल्या. "काय हो, बदलले का पिंजरे?"

"सरांना इचारा," मावशी म्हणाली.

"त्यांनी तर सांगितलं."

"मंग झालं की."

तिनं उंदीर पिंजऱ्यात सोडला, झाकण लावलं आणि पिंजरा घेऊन बाहेर गेली.

मला तेव्हा एक गोष्ट पक्की ठाऊक होती. ती इथे लिहिली नाही तर बाकी सगळं लिहून उपयोग नाही. माझा शब्द आणि तिचा शब्द समोरासमोर आले तर कोणाचा मानला जाईल हे मला विचार न करता कळलं होतं. माझं आडनाव, तिचं आडनाव, माझी खुर्ची, तिची बादली. मी ते वापरलं. कोणी मला वापरायला सांगितलं नव्हतं.

पाहुणे जेवून गेले. मार्गदर्शक जाताना म्हणाले की मुदत मिळेल, पण माणसं नीट निवडा. दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपलनी मला बोलावलं. "पाहुण्यांसमोर शोभा झाली म्हणे. शेऱ्यात येऊ द्या ते."

मी लिहिलं, 'कामात निष्काळजी. प्रयोगातील प्राण्यांची अदलाबदल केली.' दोन वाक्यं. सही केली. तिच्या जागी यादीतला तिसरा माणूस कायम झाला.

शनिवारी ती काम सोडायचं म्हणून शेडची किल्ली द्यायला आली. तिनं माझ्या देखत उंदीर मोजले. "बारा हुते, दोन गेले, दहा. नऊ नंबर व्याली की वाढतील. तिच्याजवळ कापूस ठिवा." कपाटातून स्वतःचा कप काढून पिशवीत घातला. दारातून वळून म्हणाली, "सोमवारी टेम्पोत घास येईल. भावाला सांगा, आता नको म्हनून."

मी त्या दिवशी तिला थांबवलं असतं तरी चाललं असतं. शेऱ्याचा कागद तेव्हा ऑफिसातच पडून होता.

दोन वर्षांनी मी डॉक्टर झालो. दारावरची पाटी बदलली. स्टाफरूममधल्या त्या पोरानं पेढे मागितले. पुढे उंदरांवर मी काही केलं नाही, कोणी विचारलं तर म्हणायचो की सोयी नाहीत. टिकलीवाल्यांना दोन दिवस कोरडं घालून बघणं मी कधीच केलं नाही. त्यामुळे माझे कण खरंच यकृतात गेले होते का, हे मला आजही माहीत नाही. असा प्रबंध लिहिलेला मी डॉक्टर आहे.

इतकी वर्षं मी हे पोटात ठेवलं. ते बाहेर आलं ते माझ्या डोळ्यांमुळे. साखरेचा त्रास आहे, डोळ्याच्या मागच्या पडद्याचे फोटो काढायला सांगितले. हाताच्या शिरेत पिवळं औषध सोडतात, निळा प्रकाश डोळ्यात टाकतात आणि औषध चमकतं त्याचे फोटो घेतात. माझ्याच धंद्यातली गोष्ट. मी हनुवटी यंत्रावर टेकवली तर तिथल्या मुलीनं सुई देण्याआधीच एक फोटो काढला.

"अजून औषध दिलं नाही तुम्ही," मी म्हणालो.

"माहितेय, आजोबा. आधी कोरा काढावा लागतो. आत मुळातच काही चमकत असेल तर? नंतर ते औषधाचं समजून बसू."

ती वीस-बावीसची असेल. हे तिच्यासाठी रोजचंच होतं. मी यंत्रावर हनुवटी टेकवून बसलो आणि माझे डोळे भरून आले. ती म्हणाली, "हलू नका हं, फोटो पुसट येतो."

घरी येऊन मी पत्र लिहिलं. एक प्रत विद्यापीठाला, एक कॉलेजला, एक तिला. बायकोनं वाचलं. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. कागदांची घडी घालत म्हणाली, "पोस्टानं पाठवू नका. तिचं आहे ते तिच्या हातात द्या."

कॉलेजच्या एका निवृत्त कारकुनाकडून पत्ता मिळाला. घोडेगावात उतरून बाजाराच्या मैदानाच्या पलीकडे, दहा मिनिटं चालत. ती अंगणात शेळीला बांधत होती. केस पांढरे, पाठ मात्र ताठ. मला बघून तिनं ओळखलं, पण ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. सुनेला म्हणाली, "खुर्ची दे. कॉलेजातलं सर हायत."

तिनं कुठे कुठे काम केलं ते मी विचारलं. शेतात, मग अंगणवाडीत मदतनीस, मग शेळ्या. मुलगे मार्गी लागले होते. ते सगळं तिनं माझ्या मदतीशिवाय केलं होतं, आणि ते सांगताना तिनं मला तसं जाणवू दिलं.

मी पत्र वाचून दाखवलं. 'सदर हंगामी कर्मचारी महिलेने पिंजऱ्यांची अदलाबदल केलेली नव्हती. प्राण्यांना घास घालण्याची सूचना माझी होती. दिसलेला प्रकाश त्या घासाचा होता आणि तो तसा आहे हे प्रथम त्यांनीच ओळखले. नजरचुकीने त्यांच्यावर ठपका ठेवला गेला.'

तिनं कागद मागून घेतला आणि एकेका ओळीखाली बोट फिरवत स्वतः वाचला. सून चहा ठेवून दाराशी उभी राहिली.

"हे नजरचुकीनं कुनाच्या?" मावशीनं विचारलं.

"माझ्या."

"न्हाई, सर. गुरवारी सकाळी मी शेड उघडलं तवा नऊ नंबरची चिठ्ठी भिंतीकडं हुती. मी कदी तशी ठिवत नव्हते. घास काडलेला आन पुढं चनं. पोटुशीला मी चनं घालत न्हाई, कडक पडत्यात. येवढं कुनी केलं ते मला कळंना व्हय?"

शेळीनं गळ्यातली दोरी ओढली. ती तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तुमी आदल्या दिवशी बघितलं हुतं. मला तवाच माहीत हुतं तुमाला माहीत हाय ते. म्हनून तर त्या अंधारात मी तुमच्याकडं बघत हुते."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमीच म्हनला हुता, बोलू नका." शेळीची दोरी घट्ट करत ती म्हणाली, "आन बोलले असते तर त्यांनी कुनाचं ऐकलं असतं?"

मी पेन काढलं. तिन्ही प्रतींवर 'नजरचुकीने' खोडलं आणि वर लिहिलं, 'माहीत असूनही मी'. पुढचं 'ठपका ठेवला गेला' खोडून 'ठपका ठेवला' केलं. तिनं ते तपासलं.

मग मला पहिल्या ओळीतला तो शब्द खुपू लागला, त्या दिवशी अंधाऱ्या खोलीत मी तिच्याकडे बोट दाखवताना वापरलेला. मी म्हणालो, "हा 'हंगामी' पण काढतो."

"त्यो ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "त्यो खरा हाय."